बॉनेट हलतंय? असतं हो तसं!

मोटारीच्या बाबतीत सर्वात धोक्याचं वाक्य कुठलं असं कुणी मला विचारलं, तर 'ब्रेक लागत नाहीयेत' हे मी म्हणणार नाही. ते ऐकल्यावर माणूस निदान काहीतरी धडपड करतो. सर्वात धोक्याचं वाक्य म्हणजे 'असतं हो तसं!'

गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य मी चार वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं आणि ते आता पुरेपूर डोक्यात गेलंय. म्हणून हा प्रपंच. वाचणाऱ्यांत निम्मे घरचेच आहेत याची कल्पना आहे. ज्याला टोचेल त्याने खुशाल टोचून घ्यावं.

विषय तसा साधा आहे. ताईकडची गाडी. सहा वर्षांची, सीएनजीची, एरवी गुणी. पण ऐंशी-नव्वदच्या पुढे गेली की तिच्या बॉनेटची पुढची कड थरथरायला लागते. शंभरला ते मागच्या सीटवरूनसुद्धा दिसतं. शेजारून एखादा कंटेनर गेला की ती कड चक्क उडी मारते, आणि वारा समोरून असेल तर टक् टक् असा आवाज येतो. हीच गाडी घेऊन माझा भाचा महिन्यातून दोनदा नाशिकहून समृद्धीने नागपूर गाठतो. कधी एकटा, कधी ताईला घेऊन, कधी मागे दोन पोरं.

आता ती चार तोंडं. भाचा म्हणाला, "अगं मावशी, असतं तसं. तू पुढे बघूच नकोस ना, फोन बघ." भाऊजी म्हणाले, "हल्लीचे पत्रेच पातळ. आमच्या अँबॅसिडरचं बॉनेट बघायला हवं होतंस, दोन माणसं लागायची उघडायला." (भाऊजींची अँबॅसिडर हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. असो.) शेजारचे काका म्हणाले, "असतंच. एक बारीक तार ओवून टाका, काम संपलं." आणि चौथं तोंड वर्कशॉपच्या काउंटरवरचं. कॉम्प्युटरमधून मान वर न करता ते म्हणालं, "मॅडम, या मॉडेलला असतं तसं. कॅरॅक्टरिस्टिक आहे ते."

कॅरॅक्टरिस्टिक! गाडी बाहेर वीस पावलांवर उभी होती. हा गृहस्थ उठला नाही. बॉनेट उघडणं लांबच राहिलं, त्याने ते बंद असतानाही पाहिलं नाही.

माझं भांडण या न उठण्याशी आहे. त्याचं उत्तर कदाचित बरोबरही असेल. हलणाऱ्या बॉनेटांपैकी काही खरोखरच निरुपद्रवी असतात, ते कसं हे पुढे सांगते. पण साधा ताप 'नॉर्मल' म्हणायला सुद्धा आधी थर्मामीटर लावावा लागतो. न बघता दिलेलं बरोबर उत्तर आणि न बघता दिलेलं चूक उत्तर, दोन्ही समोरच्याला सारखीच ऐकू येतात. घरी परत जाताना आपल्याला यातलं कुठलं मिळालंय हे कळायचं कसं?

आधी वाऱ्याचं बघू, कारण 'एवढ्याशा वाऱ्याने काय होतंय' हाही एक लाडका युक्तिवाद आहे. हवेचा जोर वेगाच्या पटीत वाढत नाही, वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ८० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण ३० किलो वजनाइतका असतो. १००ला तो ४७ किलोवर जातो आणि १२०ला ६८ किलोवर. म्हणजे ८०वरून १२०वर गेलात तर वेग दीडपट झाला, जोर मात्र सव्वादोनपट. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाटीला मोटारींना १००ची मर्यादा आहे, समृद्धीवर १२०ची. शहरात चाळीसने फिरणाऱ्या गाडीला हा जोर कधी भेटतच नाही. चाळीसला तो साडेसात किलोच्या आसपास असतो. म्हणून 'इथे तर काही हलत नाही' ही गल्लीतली चाचणी काही कामाची नाही.

हा सगळा दाब बॉनेटला वर उचलत नाही हे खरं. बॉनेटच्या मागच्या बाजूला, काचेच्या पायथ्याशी, हवा तुंबते आणि पत्रा खालीच दाबते. एसीला लागणारी बाहेरची हवा बहुतेक गाड्या तिथूनच घेतात ती त्यामुळेच. पण पुढच्या कडेवरून हवा वळताना वेग घेते आणि तिथे ओढ तयार होते, वरच्या दिशेने. त्यातच पुढच्या जाळीतून आत घुसलेली हवा इंजिनच्या कप्प्यात भरते आणि खालून ढकलते. वरून ओढ, खालून ढकल. बिजागऱ्या मागे आहेत, म्हणून उचलते ती पुढची कड. आणि मोठ्या ट्रकच्या मागे किंवा शेजारी हवा एकसारखी वाहत नसते, भोवऱ्यांची असते. ओढ येते, जाते, परत येते. थरथर ती हीच.

या ओढीला धरून ठेवायला कंपनीने काय दिलंय? पुढे मधोमध एक कुलूप, ज्याच्या जबड्यात बॉनेटची कडी अडकते. दोन्ही कोपऱ्यांत एकेक रबरी गुंडी, जिच्यावर बॉनेट टेकतं. मागे दोन बिजागऱ्या. आणि कुलुपाजवळच एक दुसरा खटका, जो आपण बोट घालून सरकवतो. बस्स. यातली गंमत अशी की कुलूप बॉनेटला खाली ओढतं आणि गुंड्या वर ढकलतात. त्या दोघांच्या ताणात बॉनेट घट्ट बसतं. गुंडी झिजली, खाली गेली किंवा पडूनच गेली, तर ताण गेला. कुलूप तर आपल्या जागी आहे, पण कडीला जबड्यात खेळायला जागा मिळाली. मग वारा तिला खेळवतो.

आता भाऊजींच्या पातळ पत्र्याकडे येते, कारण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. हल्लीच्या बॉनेटचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यामागे वजन आणि पेट्रोल वाचवणं हे कारण आहेच. दुसरं कारण मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. रस्त्यावरचा माणूस गाडीला धडकून बॉनेटवर आपटला तर त्याचं डोकं फुटू नये म्हणून बॉनेट मुद्दाम दबणारं करतात आणि त्याखाली इंजिनपर्यंत मोकळी जागा ठेवतात. आपल्याकडे त्यासाठी एआयएस-१०० हे मानक आहे. तेव्हा 'पूर्वीचे पत्रे कसे दणकट' म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की त्या दणकटपणाची किंमत पायी चालणाऱ्याने मोजलेली असायची.

तर असा पातळ पत्रा मधोमध थोडा थरथरतो. त्याच्या आतून बरगड्यांची एक चौकट असते, आणि पत्रा नि चौकट यांच्यामध्ये जागोजागी रबरासारख्या चिकट लुगदीचे ठिपके असतात, पत्रा फडफडू नये म्हणून. ते ठिपके वयाने सुटतात. डेंटिंगवाल्याने पोचा काढताना पत्रा तापवला तरी सुटतात. मग पत्रा जास्त फडफडतो, पण तो निखळून डोळ्यांसमोर येत नाही. कुलूप, कडी, गुंड्या जागच्या जागी असतील तर ही फडफड कानाला त्रास देईल, जिवाला नाही.

म्हणजे हलणं दोन प्रकारचं. पत्रा फडफडणं एक, आणि आख्खं बॉनेट कुलपात खेळणं दुसरं. ड्रायव्हरच्या सीटवरून दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात. 'असतं तसं' हे पहिल्याबद्दल खरं आणि दुसऱ्याबद्दल सपशेल खोटं. आणि यातलं आपलं कुठलं हे ओळखायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. गाडी उभी, इंजिन बंद आणि गार, बॉनेट लागलेलं. पुढच्या कडेला मधोमध दोन्ही हातांची बोटं घालून वर उचलायचा प्रयत्न करा. टक् आवाज करून कड वर येत असेल तर कडी कुलपात खेळतेय. मग दोन्ही कोपऱ्यांवर तळहाताने हलकं दाबा. कोपरा खाली जाऊन परत वर येत असेल तर तिथली गुंडी बॉनेटला टेकतच नाहीये. हे दोन्ही नसेल आणि फक्त मधला पत्रा बोटाखाली लवलव करत असेल, तर भाऊजी बरोबर. त्यांना फोन करून सांगा, त्यांना आनंद होईल.

काउंटरवरच्या माणसाला या दोन मिनिटांचा कंटाळा होता.

मी ही चाचणी ताईच्या पार्किंगमध्ये केली. (भाचा वरून बाल्कनीतून, "मावशी, बॉनेटला पोचा पाडशील हं!") मधली कड बोटभर नाही पण चांगली जाणवेल इतकी वर येत होती, टक् करून. डावा कोपरा दाबला की बसत होता. बॉनेट उघडलं तर डाव्या बाजूची रबरी गुंडी जागेवर नव्हतीच. नुसतं भोक. उजवी होती, पण आट्यांवरून फिरून पार खाली गेलेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो दुसरा खटका. बोटाने सरकवला की तिथेच थांबत होता, स्प्रिंगने परत जागेवर येत नव्हता. चिखल, धूळ, जुनं काळं ग्रीस यांचा लगदा झालेला. म्हणजे उद्या मुख्य कुलूप सुटलं असतं तर मागे दुसरं काहीही नव्हतं. नंतर सर्व्हिसचं कार्ड काढून पाहिलं. 'बिजागऱ्या व लॉक : ग्रीस' या ओळीपुढे बरोबरची सुबक खूण होती.

दुसरा खटका आहे ना, मग कशाला घाबरायचं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. अमेरिकेत पुढून उघडणाऱ्या बॉनेटला असा दुसरा खटका असलाच पाहिजे असा नियम १९६९पासून आहे, इतकी त्याची गरज त्यांना तेव्हाच पटली होती. तिथेच निसानला २०१३ सालापासूनच्या अल्टिमा गाड्या याच दुसऱ्या खटक्यासाठी परत बोलवाव्या लागल्या. पहिली खेप २०१४मध्ये, आणि मग पुन्हा पुन्हा. २०२०च्या खेपेत तर अठरा लाखांवर गाड्या होत्या. कारण काय, तर गंज आणि धूळ साचून खटका उघडा अडकून राहायचा आणि बॉनेट लावलं तरी जागेवर यायचा नाही. गंज आणि धूळ! आपल्याकडे या दोन गोष्टींचा तुटवडा कधी पडलाय? कुलूप बसवलेलं असतं जाळीच्या लगेच मागे, रस्त्यावरचा प्रत्येक शिंतोडा पहिला तिथेच. कोकणातल्या गाडीला खारी हवा जास्तीची. वर आपण प्रेशरने गाडी धुतो आणि उरलंसुरलं ग्रीस धुऊन टाकतो. निसानने निदान परत बोलावलं. आपण 'असतं तसं' म्हणून परत पाठवतो.

आता सीएनजी. माझ्या मते आपल्याकडच्या हलणाऱ्या बॉनेटांचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण हे आहे. बऱ्याच सीएनजी गाड्यांचा गॅस भरायचा व्हॉल्व्ह बॉनेटखाली असतो. काही नव्या गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाशेजारी आलाय, पण रस्त्यावर अजून ढिगाने जुन्या आहेत. पेट्रोलच्या गाडीचं बॉनेट वर्षातून किती वेळा उघडतं? सर्व्हिसला, बॅटरी उतरली तर, काचेचं पाणी भरायला. आठ-दहा वेळा म्हणा. सीएनजीचं दर दोन-तीन दिवसांनी, म्हणजे वर्षाला सव्वाशे-दीडशे वेळा. सहा वर्षांचा गुणाकार तुम्हीच करा. तेच कुलूप, तीच कडी, त्याच गुंड्या, पण वापर पंधरापट. आणि तपासणी? पेट्रोलच्या गाडीइतकीच.

त्यात पंपावरची पद्धत. मागे चाळीस गाड्यांची रांग, रिक्षावाले हॉर्न मारताहेत, पंपावरचा मुलगा नोझल काढतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. बॉनेट कधी तो धाडकन टाकतो, कधी आपण उतरून हळूच तळहाताने दाबतो, पोचा पडू नये म्हणून. या हळूच दाबण्यात खरी मेख आहे. बॉनेट बंद झाल्यासारखं दिसतं आणि असतं ते पहिल्या टप्प्यावर, नुसत्या खटक्यावर अडकलेलं. बॉनेटला टेकू म्हणून दांडी असलेल्या गाडीत दांडी खाली घ्यावी, बॉनेट वीत-दीड वीत उंचीवर आणावं आणि सोडून द्यावं. ते आपल्या वजनाने लागतं. लागलं की नाही हे कड उचलून बघावं, मग गाडीत बसावं. मोठ्या हॉटेलांच्या नि मॉलच्या दारात सुरक्षारक्षक बॉनेट उघडायला लावतात, तिथेही हेच. तो बिचारा अदबीने, अलगद लावतो. त्याचे आभार मानून उतरा आणि स्वतः परत टाका. दोन सेकंद लोक बघतील, बघू देत.

गाडी पुढून कुठे ठोकली असेल तर प्रकरण आणखी वेगळं. कुलूप ज्या आडव्या पट्टीवर बसतं ती चार-पाच मिलिमीटर मागे गेली तरी कडी जबड्यात सरळ उतरत नाही. डेंटिंगवाला बाहेरून फटी सारख्या करून देतो, रंग असा चकचकीत की जुना पोचा ओळखू येऊ नये. आतलं कुलूप मात्र तिरकंच. रंगाचं कौतुक करून पैसे देण्याआधी बॉनेट पाच वेळा उघडून लावून बघा. गुंड्या परत बसवल्यात का तेही बघा, रंगवताना काढतात आणि विसरतात. ताईच्या गाडीची डावी गुंडी अशीच कुठल्यातरी शेडमध्ये पडली असणार असा माझा दाट संशय आहे.

दुरुस्ती कशी केली ते सांगते, कारण 'खर्चात पाडेल ही' अशीही एक कुजबुज घरात होती. वर्कशॉपचा नाद सोडला आणि कोपऱ्यावरच्या साध्या गॅरेजात गेलो. तिथल्या मिस्त्रींनी आधी खटका आणि कुलूप डिझेल नि जुन्या टूथब्रशने धुतलं. मुख्य कुलपाची केबल ओढून सोडून बघितली, कारण केबल गंजून अडकली तर जबडा अर्धवट उघडा राहतो. ग्रीस लावलं. डावी गुंडी नवी घातली. मग गुंड्या अर्धा-अर्धा आटा वर आणल्या, दोन्ही बाजू सारख्या. दर वेळी गुंडीवर कागदाची पट्टी ठेवायची, बॉनेट लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर गुंडी अजून खाली, जरा अडून निघाली तर बरोबर. फार वर नेल्या तर मात्र बॉनेट लागायलाच जोर लागतो आणि अर्धवट लागण्याचा धोका उलट वाढतो. सगळ्यात शेवटी कुलपाचे बोल्ट. ते ढिले करण्याआधी मिस्त्रींनी कुलपाभोवती मार्करने रेघ ओढली, म्हणजे मूळ जागा हरवत नाही, आणि कुलूप दीडेक मिलिमीटर खाली घेतलं. पाऊण तास. खर्च दोन माणसांच्या मिसळीहून थोडा जास्त.

आता शंभरला कड हलत नाही. मधला पत्रा अजून किंचित थरथरतो. थरथरू दे.

आता काकांची तार. जुगाडाचं आपल्याला भारी कौतुक, आणि एरवी मलाही आहे. पण तारेने, नायलॉनच्या दोरीने किंवा बाजारात मिळणाऱ्या शोभेच्या पिनांनी बॉनेट बांधलं की हलणं थांबतं, म्हणजे तक्रार थांबते. मोकळं कुलूप तसंच, अडकलेला खटका तसाच. वर गाडीतून धूर यायला लागला तर बॉनेट उघडायला आधी पक्कड शोधा! घरून वर्कशॉपपर्यंत सावकाश न्यायला दोरी बांधली तर माझं काही म्हणणं नाही. सहा महिने बांधून ठेवली तर आहे. पत्र्याखाली फोमचे तुकडे कोंबणारेही भेटले. इंजिनच्या उष्णतेवर फोम. काय बोलणार!

'मग ऐंशीने चालव' हा सल्ला मात्र मी उडवून लावणार नाही. दुरुस्ती होईपर्यंत तोच शहाणपणा आहे, १२०च्या मानाने जोर निम्म्याहून कमी होतो. पण ८०चा काटा म्हणजे ८०चा वारा नव्हे. उघड्या माळावर समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर बॉनेटच्या लेखी तुम्ही ११०ने चाललेला आहात. एकपदरी रस्त्यावर समोरून सुसाट ट्रक गेला तर त्याचा झोत वेगळा.

आणि उडालंच तर? बॉनेट उघडून काचेवर आदळतं आणि समोरचं सगळं नाहीसं होतं. करकचून ब्रेक मारायचा नाही, मागे कोण आहे ते दिसत नसतं. चाक सरळ धरायचं, धोक्याचे दिवे लावायचे, बाजूच्या काचेतून लेनची पांढरी रेघ बघायची, मान खाली घालून बॉनेटच्या तळाशी फट मिळते का बघायचं, वेग हळूहळू उतरवत डावीकडे थांबायचं. हे वाचायला सोपं आहे. १२०ला दर सेकंदाला ३३ मीटर मागे पडतात. मागे ताई पोरांना संत्री सोलून देत असते.

मला यात सर्वात खुपतं ते असं, की या सगळ्या प्रकरणात कुणीही वाईट माणूस नाही. भाचा प्रेमळ आहे, भाऊजींनी आयुष्यभर गाड्या चालवल्या, काका मदतीलाच आले होते. काउंटरवरचा मुलगाही दिवसाला पन्नास तक्रारी ऐकत असेल आणि त्यातल्या चाळीस खरोखर किरकोळ असतील. पण या सगळ्यांनी मिळून एका बाईला दोन महिने पटवलं की तुला दिसतंय ते दिसत नाहीये. 'मॅडम, तुम्ही गाडी चालवता का?' असाही प्रश्न आला. येतो हल्ली, समोर बाई असली की येतो. न चालवणाऱ्यालाही डोळे असतात, किंबहुना त्यालाच समोर बघायला वेळ असतो.

वर्कशॉपवाल्यांकडे माझी मागणी अगदी छोटी आहे. 'नॉर्मल आहे' असं लिहून द्या. तोंडी नको, जॉब कार्डावर. तक्रार : १०० किमीला बॉनेट हलते. तपासणी : कड उचलून पाहिली, गुंड्या पाहिल्या, दुसरा खटका पाहिला. निष्कर्ष : नॉर्मल. खाली सही. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी हे मागितलं, आणि गंमत म्हणजे तेव्हा तो मुलगा खुर्चीतून उठला. पेन सापडत नाही म्हणून नव्हे, टॉर्च आणायला.

तेव्हा सांगून टाकते, ज्यांच्या ज्यांच्या गाड्या सीएनजीच्या आहेत त्या सगळ्यांनी, दादा, तूसुद्धा, या रविवारी बॉनेट उघडून तो दुसरा खटका बोटाने सरकवून सोडायचा आणि टप्कन परत येतो का ते बघायचं. गुंडीचा अंदाज कागदाने येत नसेल तर लहान मुलांच्या मातीकामाची क्ले घ्या. चिमूटभर गुंडीवर ठेवायची, बॉनेट लावून उघडायचं. चपटी होऊन कागदासारखी झाली तर गुंडी टेकतेय, जाड राहिली तर तेवढी फट आहे. स्टेशनरीच्या दुकानात मिळते. पिवळी घ्या, काळ्या रबरावर नीट दिसते.